कोपर

ओहोटी लागली की 'पोर्फियादा' आपसूक कलंडते
डाव्या कुशीवर, शिंपल्यांच्या चिखलात.
पाणी परतेपर्यंत पाच तास, फार तर साडेपाच.
अचाओच्या किनाऱ्यावर घड्याळ कुणी बघत नाही,
खडकावरची ओली रेघ बघतात.

बाबा उपड्या बादलीवर बसलेत,
हातात माते, नळी दातांत,
आणि पहिलंच वाक्य :
"कोपराला काही झालेलं नाही, ओतिलिया.
दर वर्षी रंग देतो मी त्याला."

खरं आहे. होडी रंगवून उरेल तो रंग
सायलेन्सरच्या अलीकडच्या त्या वाकड्या नळीला.
यंदा चंदेरी.
इंजिनाच्या काळ्या पसाऱ्यात
एकटंच सणाला निघाल्यासारखं.

स्क्रूड्रायव्हरची मूठ मारून बघितली.
वरच्या अंगाला टण्ण.
खाली, जिथे समुद्राचं पाणी धुरात मिसळतं,
तिथे भद्द.
आतून सडलेल्या बटाट्याचा आवाज
ह्या बेटावर कुणाला शिकवावा लागत नाही.

चार नट. तीन सुटले,
दोन तेलानं, एक शिवीनं.
चौथ्याला कालपासून तेल पाजलं होतं,
ज्योत दिली, तापल्यावर मेणबत्तीचं टोक टेकवलं,
मेण आट्यांत शिरताना दिसलंसुद्धा,
आणि तरी तो मानेत तुटला.
बाबांनी वर बघितलं नाही.
"शिडाला नट नसतात," एवढंच.

कोपर हातात आलं. जड.
पाण्याच्या वाटेत करंगळीही जाईना,
मीठ, गंज, पापुद्र्यावर पापुद्रा.
पाणी आणि धूर यांच्यामधली भिंत
उजेडासमोर धरली :
पलीकडचा सूर्य दिसला,
मोहरीएवढा.

मग गॅस्केट.
तिच्या कडेनं काजळीची एक रेघ निघाली होती,
मॅनिफोल्डवरून, लाकडावर चढत,
केबिनच्या भिंतीकडे,
फळीच्या फटीतून आत.
आत बाबांचं बाकडं. त्यावर उशी.

दोन हिवाळे ते सांगत होते, डोकं दुखतं.
आई म्हणायची, वाइन.
डॉक्टरीण म्हणाली, वय.
मी म्हणाले, हट्ट.
दोन हिवाळे, रविवारच्या जेवणावर,
आम्ही त्यांना म्हातारपण समजावून सांगितलं
आणि ते मान हलवत राहिले.

फडकं घेतलेला हात रेघेवर टेकलाच होता,
मागे घेतला.
त्यांना हाक मारली.
वाकून आले, एक हात फळीवर.
बोट रेघेवर ठेवलं, फटीपर्यंत नेलं,
बोटाकडे बघितलं.
मग उशी उचलून हुंगली,
बराच वेळ.
"म्हणजे मी म्हातारा नाही."
"तेवढे नाही," मी म्हणाले.

त्यानंतर ड्रिल त्यांनीच धरलं.
तुटका खिळा निघायला दीड तास.
नवं कोपर प्वेर्तो मोंतहून बसच्या पोटातून आलेलं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, बिनरंगाचं.
नवी गॅस्केट, नवी रबरी नळी,
तिला दोन-दोन क्लॅम्प, तोंडं उलटसुलट.
नट समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरून फिरून.
तोवर पाणी सुकाणूला लागलं होतं.

होडी उठली. इंजिन दोनदा खोकलं, लागलं.
मागून धूर आणि पाणी एकत्र थुंकायला लागली,
हवं तसं.
सांध्याभोवती मी पांढरा कागद फिरवला.
पांढराच राहिला.
"पुन्हा फिरव," बाबा म्हणाले.
पुन्हा फिरवला.

रात्री स्वयंपाकघरात करकर ऐकू आली.
जुनं कोपर मेजावर, हातात बटाटे सोलायची सुरी.
चंदेरी थर निघाला होता, त्याखालचा निळाही.
पिवळा लागला तसे ते थांबले,
चष्मा कपाळावर सरकवला,
नख त्यावर टेकवून आईला म्हणाले,
"इथपर्यंत दुखत नव्हतं."