डावीकडची रेघ

माझ्या झेरॉक्स मशीनचा ड्रम कुठेतरी चरलाय.
दर कागदावर डावीकडे एक रेघ येते,
केसाएवढी, वरून खाली, मध्येच किंचित तुटलेली.
अर्ध्या वेंगुर्ल्याचे सातबारे, दाखले, गुणपत्रिका,
सगळ्यांच्या अंगावर ती आहे.
कुणी तक्रार केली नाही.

मला साप हवा होता.
का, ते विचारू नका; सगळ्यांनी विचारून झालंय.
शेजारची पारकरीण म्हणाली, मांजर घे गो,
निदान माशाचे काटे तरी संपतीत.
पण दिवसभराच्या घरघरीनंतर
मला आवाज न करणारं कुणीतरी हवं होतं.

गजा कुबलने शिरोड्याला बोलावलं,
सुरूच्या बनात, दिवे लागायच्या वेळेला.
दुकानात का नको, तर म्हणे साप उजेडाला बुजतो.
श्रीखंडाचा डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं,
आत उशीचा अभ्रा, अभ्र्याला गाठ.
"आफ्रिकेचो माल. बॉल पायथन.
पुण्यात पंधरा घेतीत, तुका सात.
काय पण खाता. धर, चावना नाय."

धरला.
तो हातावर येत नव्हता, हातापासून जात होता.
मानेखाली खवल्याच्या आत
गोचीड बसली होती, मसुराच्या डाळीएवढी,
आणि अभ्र्याला काजूच्या पाल्याचा वास.
आफ्रिकेतही काजू असतील, मला काय ठाऊक.

"कागद?"
"आसत तर."
लॅमिनेट केलेलं पान. शिक्का, सही, तीन सिंह.
मी मोबाइलची टॉर्च मारली.
डावीकडे रेघ.
केसाएवढी.
मध्येच किंचित तुटलेली.

शिमग्याच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी होती.
कुणीतरी पान पुढे केलं,
नावावर पांढरी पट्टी चिकटवून वर दुसरं नाव.
मी पाहिलं होतं.
दोन रुपये कॉपीचे, वीस लॅमिनेशनचे.
सुटे नव्हते, म्हणून दोन मीच सोडले.

"गजा, हो आपलोच आर आसा."
तो हसला. "आर काय नि पायथन काय, ठिपके तेच."

वनखात्याचा नंबर दुकानाच्या भिंतीवर आहे,
तोही रेघेसकट.
त्या रात्री लावला. सगळं सांगितलं,
ते वीस रुपये सोडून.

मग आचऱ्याला पास्कू लोबोकडे गेले.
निवृत्त कंपाउंडर, मागच्या पडवीत काचेच्या अकरा पेट्या.
मी साप बघायला गेले, तो मला बघत बसला.
वीज गेली तर ऊब कशी देशील?
फ्रीजमध्ये उंदीर ठेवशील, माशांच्या शेजारी?
नोंदणीचा फॉर्म तू भरशील की कुणाकडून भरून घेशील?
हा वीस वर्षं जगतो. तू?
मी एक्केचाळीस, म्हटलं. हिशोब बसतो.

त्याने पिल्लाची आई दाखवली.
अंडं फुटल्याची तारीख दाखवली.
मग चौकड्यांची वही, औषधाच्या बाटलीवर असतं तसलं अक्षर:
बारा तारीख, खाल्लं.
एकोणीस, कात.
सव्वीस, खाल्लं नाही.
दोन, खाल्लं नाही.
गजाच्या सापांना 'नाही' हा शब्दच नव्हता.

पिल्लू नारिंगी, चपलेच्या बंदाएवढं.
माझ्या करंगळीला वेढा घालून थांबलं,
एवढा वेळ, की मी पर्स उघडली.
"पैशे आत घाल," लोबो म्हणाला.
"लागोपाठ तीनदा खाल्ल्यान, की ने."

मशीनवाला येऊन गेला. ड्रम बदलूया म्हणाला.
इतक्यात नको, म्हटलं.
घरी पेटी तयार आहे, दिवा लावलेला,
रिकाम्या पेटीचं तापमान मी
सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिते.

दर बुधवारी फोन वाजतो.
पलीकडे समुद्र, आणि लोबोचं खाकरणं.
"आज पण नाय खाल्ल्यान. येव नको."