थंड असताना धरणारे

गोडोलीच्या तळ्याकडून आत वळलं की
पत्र्याखाली दस्तगीर मुलाणींचं गॅरेज.
चाक काढून त्यांनी जुने पॅड तळहातावर ठेवले,
एक भाकरीच्या पापुद्र्याएवढा, एक अजून निम्मा.
"पिन जाम हाय. म्हणून आतला आधी संपला.
आनि मॅडम, तुमी यवतेश्वरचा अख्खा उतार
पाय ठिवूनच उतरताय."
मी म्हटलं, कशावरून?
त्यांनी तो उजेडात तिरपा धरला.
"काचंवानी झालाय बघा. लई तापला की असं हुतंय."

सात वर्षं मी पेट्री, अनावळे, कास करते आहे,
डिकीत अंगणवाडीचा वजनकाटा, मागच्या सीटवर रजिस्टरं.
माझी भीती इतकी नीट
आजवर कुणी वाचली नव्हती.

नवे आणायला राधिका रोडवर.
बोथरांच्या धाकट्यानं काउंटरवर तीन खोकी मांडली.
पहिलं चारशे साठ. नाव नाही, बिल नाही.
"चालतात की. वडापवाले हेच नेतात."
दुसरं कंपनीचं, चकचकीत शिक्का, तेराशे ऐंशी.
तिसरं लाल, तीन हजारांच्या वर,
त्यावर ज्वाळा काढलेल्या.
"एकशेऐंशीवर असाल तरी जागच्या जागी थांबाल."
एकशेऐंशी!
नव्वदला माझ्या गाडीचा डावा आरसा बोलायला लागतो.
तरी हात लालकडेच गेला, खोटं कशाला सांगू.

मुलाणींना फोन लावला.
मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं.
"लाल नको. शर्यतीचं हाय त्ये,
तापल्याबिगर धरत न्हाई.
तुमचं काम सकाळी सातला. गाडी गार,
गेटातनं भायेर आला की म्होरं दूधवाला.
थंड असताना धरंल असं घ्या.
आनि चारशेवालं डिस्क खातंय, त्ये बी नको."

तापल्याशिवाय न धरणारा एक
मी अकरा वर्षं सांभाळला.
त्याचंही खोकं देखणं होतं.
असो.

तेराशे ऐंशी मोजले. बिल मागून घेतलं.

परत येताना रिक्षात, पिशवी मांडीवर,
मनात एकच: जुन्यांची जाडी गेली कुठे?
दर रविवारी रिमवरची काळी भुकटी
मी ओल्या फडक्यानं पुसत आले, कुरकुरत.
त्या भुकटीत असणार
पेट्रीच्या वळणावरची म्हैस,
निसटलेल्या टायरमागे धावत आलेला पोरगा,
आणि सप्टेंबरात फुलं बघायला येऊन
रस्त्याच्या मधोमध फोटोला उभी राहिलेली
सहा माणसं, एकाच रंगाच्या टोप्यांतली.
सगळी आपापल्या घरी आहेत.
कुणाला काही आठवत असेल असं वाटत नाही.
म्हैस तर माझ्याकडे न बघताच गेली होती.

चार वाजता काम झालं. पिन सोडवून, ग्रीस लावून
मुलाणी हात पुसत म्हणाले,
"दोनशे किलोमीटर कचकन दाबू नका.
बसू द्या दोघांस्नी एकमेकांवं.
आनि निघायच्या आदी जागेवंच मारा पायडल."

मी दाबलं.
पाय सरळ खाली गेला.
तिथं काहीच नव्हतं.
गाडी उभी होती, चाकांना दगड होते,
तरी पोटात यवतेश्वरचं तिसरं वळण फिरून गेलं.
मुलाणी हसले नाहीत. "अजून मारा."
दुसऱ्यांदा, तसंच.
तिसऱ्यांदा काहीतरी हललं.
चौथ्यांदा पायाखाली कुणीतरी आलं
आणि उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी उतरताना
गाडी दुसऱ्या गिअरात टाकली, पाय उचलून धरला.
इंजिन कण्हत होतं, खाली सातारा
पोत्यातून सांडल्यासारखा पसरलेला.
पहिल्या वळणापर्यंत जमलं.
दुसऱ्याला नाही.