सामू साडेपाच

लिसम्मा सिस्टर रिटायर होऊन गावी निघाली
तेव्हा कुंडी माझ्या हातात दिली :
"सर, तुम्ही मातीवाले. हे सांभाळा."
इडुक्कीहून आणलेलं अझेलिया,
परभणीत.

मातीवाला म्हणजे काय,
तेहतीस वर्षं प्रयोगशाळेत
लोकांच्या पिशव्यांतली काळी माती चाळली,
कार्डावर सामू लिहिला, आठ पूर्णांक दोन, आठ पूर्णांक चार,
खाली तीच शिफारस, तोच शिक्का.
या झाडाला लागतो साडेपाच.
ज्या मातीवर माझा पगार झाला
ती त्याला विष.

पहिल्या उन्हाळ्यात पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
नकाशावर नद्या राहाव्यात आणि गावं पुसली जावीत तशी.
बोअरचं पाणी.
कुंडीच्या काठाला चुन्याची पांढरी कड,
नळाला असते, बादलीला असते,
माझ्या मुतखड्यातही तीच असावी.

कुंडीतला नमुना घेतला, कार्ड भरलं.
नाव : स्वतःचं.
पीक : ही जागा कोरी सोडली.

हिराकस चिमूटभर. चिंचेचा कुजका पाला.
खुरपं अजिबात नाही, मुळं अगदी वरवर,
तान्ह्याच्या जावळासारखी.
अकरापर्यंतचं ऊन, मग भिंतीची सावली.
पाण्याचं मात्र सुचेना.

एका दुपारी, त्रेचाळीस अंशांत,
शेजारी डॉक्टर काझींच्या दवाखान्याचा एसी
गळताना ऐकला.
कागद बुडवून पाहिला. चुन्याचा मागमूस नाही.
आता त्यांचा कंपाउंडर मुजीब संध्याकाळी बादली आणतो.
ऊन चढेल तशी बादली भरते,
हा हिशोब कुठल्याच तक्त्यात नव्हता.
शुक्रवारी दवाखाना बंद.
शुक्रवारी झाडाचा उपास.

एक वर्ष मीच घालवलं.
दिवाळीच्या आवराआवरीत कात्री घेतली, शेंडे सारखे केले.
इंदुमती म्हणाली, आता कसं नीट दिसतंय.
कळ्या त्याच शेंड्यांत निजलेल्या होत्या.
छाटायचं ते फुलं गळताच, लगेच,
लिसम्मानं फोनवर सांगितलं
आणि हसली नाही.

यंदा फाल्गुनात तीन फुलं.
इंदुमती म्हणते राणी रंग.
मुजीब म्हणतो, आमच्या चुळीच्या पाण्याचा.
तो वाकून हुंगतो.
"वास तर न्हाई, सर."
नाही.
"मग एवढं कशापायी?"

मी बादली विसळली,
त्याच्या हातात दिली.
उद्या गुरुवार,
म्हटलं, जरा जास्त आण.