साडेसहाचं ताट

वडगावात साडेसहाला कोण जेवतं?
दावणीची म्हैस, आणि मी.
बाहेर उजेड आहे अजून,
दारातली तिरीप थेट भाकरीवर.
एवढ्या वर्षांत माझं ताट
मी उन्हात कधी बघितलंच नव्हतं.

आधी साडेदहा वाजायचे.
शेवटची कांडी भरून, मोटर बंद करून,
केसांतलं सुताचं तूस झटकून
उरलंसुरलं उभ्यानंच.

गाठ गेली, केस आले,
घरच्यांनी गल्लीभर कुंदा वाटला.
थकवा तेवढा राहिला.
दवाखान्यातल्या त्या निपाणीच्या पोरीनं
वही आखून दिलीय:
जेवण किती वाजता,
थकवा दहापैकी किती.
रात्रीचे तेरा तास पोटात काही नको म्हणाली,
बघू या फरक पडतो का.
बघू या, म्हणाली. मला ते आवडलं.
बाकी सगळे नक्की बोलतात.

पण थकवा मोजायचा कसा?
करंट जातो तेव्हा
मागावरचा धोटा अर्ध्या वाटेत थांबतो,
तुटत काही नाही,
साडी तशीच ताणलेली.
झोपून उठलं तरी तशीच.
मी सात लिहिते.

शिवलिंगव्वा कट्ट्यावरून विचारते, "ऊटा आतेन?"
तीस वर्षं विचारतेय,
तीस वर्षं मी न जेवताच "आत" म्हणत आले,
इथं तसंच म्हणायचं असतं.
कानडीत आत म्हणजे झालं.
परवा हात धुता धुता म्हटलं, "आत,"
आणि आपल्या भाषेतही ते खरं होतं,
भाकरी आतच होती.
एकटीच हसले.

सात ते दहा फार लांब असतात गे.
कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या,
कुणाकडं लसणाची फोडणी.
कल्लाप्पा हल्ली माझ्यासमोर जेवत नाही,
ताट घेऊन मागं मोरीपाशी बसतो,
चोरासारखा,
पापडसुद्धा तोंडात भिजवून खातो.
काल उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले.
"मोड की," म्हटलं,
"तुझ्या पापडानं माझा उपास मोडतोय काय?"
हसताना घास अडकला त्याचा.
पाणी मीच आणलं.
मोरीपासून माठापर्यंत चौदा पावलं,
जाताना येताना
भिंतीला हात लावला नाही.

वहीत त्याला रकाना नाही.
पाच लिहिलं.

आज परत आठ आहे.
साडेसहा वाजून गेलेत,
भाकरी निवतेय.