परमिट

पहिली बैठक ब्रह्मपुरीला, लॉनच्या मागच्या हॉलात.
खुर्च्यांना पांढरी कव्हरं, त्यांना लाल फिती,
सकाळी कुणाचा तरी साखरपुडा होऊन गेलेला.
एक सर फार चांगलं बोलले.
तक्त्यावर यकृत काढलं होतं.
मी यकृताकडे पाहत राहिलो
आणि पाळी आली तेव्हा म्हणालो, वायरमन आहे,
जसं कुणी मीटरचं रीडिंग विचारलंय.

दुसरी वडसाला.
बैठक सुटायची साडेसहाला, बस सात वीसची.
मधली पन्नास मिनिटं स्टँडसमोर.
उकडलेली अंडी विकणारा मला नावानं ओळखायचा.
त्याच्याकडे नुसती अंडी नव्हती.
दोनदा गेलो. दुसऱ्यांदा बैठकीपर्यंत पोचलोच नाही.

तिसरी आमच्याच गावात, मारुतीसमोर.
टाळ होते, नारळ होता, शपथ होती.
पुढच्या रांगेत माझा सातवीतला मुलगा.
शपथ मी मोठ्यानं घेतली.
मंगळवारी घेतली, रविवारी मोडली,
आणि घेतलेली गावाला ठाऊक होती
म्हणून मोडलेलीही गावाला ठाऊक.

खांबाचं असं असतं:
आधी सबस्टेशनला फोन, लाईन बंद करून घ्यायची,
पलीकडचा परमिट नंबर सांगतो,
तो डायरीत लिहायचा, मगच पाय वर.
माझ्या डायरीतले सातआठ महिन्यांचे आकडे
मलाच वाचता येत नाहीत.
एकदा नंबर न घेताच चढलो.
लाईन बंद होती.
का होती, ते आजही माहीत नाही.
मंदाला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

मुखरू लेनगुरे राइस मिलवर पोती उतरवतो.
मी फ्यूज बसवत होतो, तो माझा हात पाहत होता.
म्हणाला, "पारडीटोल्याच्या शाळेत, शुक्रवारी.
पाटी नाही लावत. सायकली दिसतीन उभ्या."

चौथीचा वर्ग. बाकं इतकी बुटकी
की सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी.
फळ्यावर सतराचा पाढा, सतरा साते पर्यंत आलेला.
फुलवंताबाई मडावी सांगत होती,
नवऱ्यासाठी मोहाची काढायची, चाखून पाहायची,
"चाखता चाखता सासू मेली, ते बी समजलं नाही मले.
पोरी सांगतेत, लय रडलीस तू.
मले नाही आठवत."
कुणी च्च केलं नाही.
ती थांबली. थांबली ती थांबलीच.
व्हरांड्यात बकरी खिचडीचं पातेलं चाटत होती.
आम्ही खांबाखाली असे बसतो, वर माणूस असला की:
बोलत नाही, बिडी पेटवत नाही,
नुसतं वर पाहतो.

मी म्हणालो, परमिट न घेता चढलो होतो.
मार्चमध्ये. नाल्याकडच्या खांबावर.
किटलीवाल्या हिवराजनं विचारलं, "लाईन चालू होती?"
नाही.
"मंग?"
मंग काही नाही.
पहिली हसली फुलवंताबाई. मग सगळे.
मग मीही, इतका की गुडघा बाकाला आपटला.
लाल चहा आला. पेल्याच्या तळाशी साखर न विरघळलेली.
किती दिवस झाले, कुणी विचारलं नाही.
निघताना मुखरू एवढंच म्हणाला, "येजो."

घरून बावीस किलोमीटर. मागचं टायर गुळगुळीत.
शुक्रवारी निघण्याआधी मी मुखरूला फोन लावतो.
तो म्हणतो, "निंघ."
ती वेळ मी डायरीत लिहितो, परमिटच्या रकान्यात.
साहेबानं तपासली तर काय सांगेन, माहीत नाही.

मागच्या शुक्रवारी त्यानं उचलला नाही.
गावाबाहेर गाडी बंद करून उभा राहिलो.
डाव्या हाताची पायवाट कुठे जाते
ते माझ्या पायांना माहीत आहे.
नऊ मिनिटं.
मग फोन वाजला, मागे गिरणीचा आवाज:
"धान उतरवत होतो गा. निंघाला का?"
निंघालो, म्हटलं,
आणि मग किक मारली.