तीन टीचर

तिचं नाव त्रीन.
मुलांनी पहिल्याच दिवशी तिला तीन करून टाकलं
आणि वेदा माजीकने हजेरी संपताच विचारलं,
तीन टीचर आयली, मागीर एक आनी दोन खंय आसात?

एस्टोनिया मी आदल्या रात्री नकाशात शोधला,
करंगळीच्या नखाखाली झाकला गेला.
तिनेही गोवा असाच शोधला असेल,
त्यात सत्तरी,
सत्तरीत म्हादईच्या काठाला ही एक खोली,
चार इयत्ता, अकरा मुलं,
पुढल्या वर्षी दुसऱ्या शाळेत विलीन होणार
म्हणून दोन वर्षं रंग न लागलेली.

सहा आठवडे तिने शिकवायचं,
मी मागच्या बाकावर बसून बघायचं
आणि तिच्या विद्यापीठाचा तक्ता भरायचा.
गुडघे बाकात मावत नव्हते.
बावीस वर्षांत मला कळलं नव्हतं
की दुपारी दोननंतर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातलं
इथून काहीच दिसत नाही, नुसती चकाकी.

ती काजूच्या बियांनी बेरीज शिकवायची.
साईल त्यातल्या दोन खिशात घालायचा,
उत्तर चुकायचं, ती पुन्हा मोजायची,
गंभीरपणे, जणू चूक बियांची.

तिला ळ येत नव्हता.
शाला म्हणायची. फला.
आज मी दोन केली खाल्ली, म्हणाली,
तेव्हा दुसरी-तिसरीचे हसून बाकाखाली गेले.
वालपई म्हटलं की कदंबाचा कंडक्टर
रोज संध्याकाळी विचारायचा, खंय?

एका मंगळवारी तिने खडू ठेवला.
आज तुम्ही टीचर, मला शिकवा.
सगळे एकदम ओरडले, ळ! ळ! ळ!
खिडकीतलं मांजर पळालं. तिला काही जमलं नाही.

तेव्हा हुलगप्पा उठला.
चिरेखाणीवरचा, बाप बागलकोटचा,
जूनपासून वर्गात एक शब्द नाही.
माझ्या वहीत त्याच्या नावापुढे तीनदा लिहिलंय,
बोलत नाही.
तो तिच्यासमोर गेला, तोंड उघडलं,
जीभ मागे वळवून तशीच धरली,
खालच्या निळ्या शिरा तिला दिसतील अशी.
मग म्हणाला, हळ्ळी.
हल्ली, ती म्हणाली.
त्याने मान हलवली. हळ्ळी.
हल्ळी.
हळ्ळी.
हळ्ळी.

म्हणजे गाव, हे त्याच्या आईने सांगितलं,
नंतर, मी खाणीवर विचारायला गेले तेव्हा.
ळ त्यांच्याकडेही होता.
उदक, पाणी, नीरू,
तीन शब्दांत मुलं एकाच मडक्याचं पीत होती
आणि मी फक्त एकाला बरोबर खूण करत होते.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गप्प.
बिया मात्र साईलच्या खिशातून काढून
गुपचूप ढिगात टाकताना मी पाहिला.

तक्त्यात शेवटचा रकाना होता,
परक्या भाषेत शिकवताना आलेल्या अडचणी.
पेन टेकवलं
आणि तिच्याऐवजी माझंच लिहू लागले, चार ओळी.
खोडलं.
वर लिहिलं, समाधानकारक.

शेवटच्या संध्याकाळी तिला बसपर्यंत सोडलं.
वाळपई, एक, ती म्हणाली.
कंडक्टरने मान वर न करता तिकीट फाडलं.
ती पायरीवरच थांबली क्षणभर,
त्याने काहीतरी विचारावं म्हणून.