लसणाचा डबा

फाल्गुनात बजारातून पाच किलो आणला,
बारीक पाकळीचा, जांभळट सालाचा.
मोठ्या पाकळीचा दिसायला गोरा,
पण फोडणीत पाहुण्यासारखा बसून राहतो.
आठ दिवस सपरीत पसरला, सावलीत.
उन्हात टाकला की आतून पिवळा पडतो,
हे कोणी सांगितलं नाही,
एका सालचा अख्खा लसूण फेकला तेव्हा कळलं.
पात न कापता वेणी घातली,
लेकीची घालायचे तशीच;
ही मात्र मान हलवत नाही,
शाळेची घंटा झाली म्हणून पळत नाही.
चुलीवरच्या मयालीला टांगली,
धूर पोचेल, धग पोचणार नाही इतकी उंच.

पण वेणी वर्षाची. रोजचं घर डब्यावर चालतं.
वेचणीच्या दिवसांत पाचला चूल पेटते,
साडेसहाला ऑटो शाळेपाशी हॉर्न देतो,
आणि कापसाच्या बोंडांनी सोललेल्या बोटांनी
अंधारात लसूण कोण सोलणार?
म्हणून बुधवारी, बजाराच्या सुट्टीला,
आठवड्याचा एकदाच.

सोलायला दोघी. मी आणि पंचफुला.
तिचा ओटा, माझं सूप.
ती पाकळ्या कोमट पाण्यात टाकायची,
म्हणजे साल भराभर सुटते.
मी म्हणायचे, पाणी लागलेला लसूण
चार दिवस टिकत नाही.
ती म्हणायची, "टिकून तरी काय करन वं?
चवथ्या दिवशी तं संपतेच."
मी कोरडाच सोलायचे.
डब्याच्या तळाशी सुती चिंधी,
वर पाकळ्या, हात कोरडा, झाकण घट्ट.
दोघींचे डबे एकाच दुकानातले.
माझ्यावर माझं नाव कोरलेलं,
तिच्यावर तिच्या नणंदेचं.

पोळ्याच्या पाठी माझ्या न्हाणीचं पाणी
तिच्या सपरीत शिरलं.
आमचे बोलले, तिचा प्रभुदास बोलला,
ग्रामपंचायतीत कागद झाला, त्यावर दोघांच्या सह्या.
आमच्या सह्या कोणी मागितल्या नाहीत,
पण बोलणं आमचं बंद झालं.

आता बुधवारी ती तिच्या ओट्यावर, मी माझ्या.
मधे पऱ्हाट्यांचं कुंपण.
वारा सुटला की तिची फोलपटं इकडे येतात.
मी लगेच झाडत नाही. बघते.
पांढरी आहेत. म्हणजे जांभळा संपला तिचा,
दुकानातून पावशेर पावशेर चालू आहे.
ओली आहेत, तळपायाला चिकटतात.
अजून पाण्यातच टाकते, येडी.

मागच्या मंगळवारी दिवेलागणीला
तिच्याकडे पाहुणे आले, न सांगता.
पोरीला बघायला असावेत,
अंगणात दोन मोटरसायकली, एक जण सारखा घड्याळ बघत.
मी इकडे भाकर थापत होते.
तिकडून मोहरीचा वास आला, जिऱ्याचा आला,
वांगं तेलात पडल्याचा आला.
लसणाचा आला नाही.
दोनदा झाकण पडलं तिच्या हातून.
खलबत्ता एकदाही वाजला नाही.

आमचे बंगईवर होते.
मी डबा पदराखाली घेतला,
कोंबड्या जातात त्या फटीतून पलीकडे सरकवला
आणि खोकले.
थोड्या वेळानं बत्ता वाजला.

तीन दिवस फोडणी बिनलसणाची.
म्हणजे वेणी होती, पण पाचच्या अंधारात
दोनच पाकळ्या सोलून मी नाद सोडायचे.
आमच्यांनी विचारलं, वरणाला काय झालं?
म्हटलं, काही नाही. जेवा.

शनिवारी डबा फटीत.
रिकामं भांडं परत देऊ नये एवढं तिला कळतं.
आत मूठभर पाकळ्या, पांढऱ्या,
सोललेल्या आणि ओल्या.
चिंधी पिळली तर पाणी निघालं.

वेचणीला उशीर होत होता.
चिंधी पऱ्हाटीवर वाळत घातली,
पाकळ्या फडक्यावर घेतल्या, एकेक पुसली,
आणि कोंबड्यांकडे बघत जरा मोठ्यानं म्हटलं,
"चार दिवस टिकत नाही, सांगितलं होतं ना."

तिकडे सूप पाखडायचं थांबलं.
मग पुन्हा सुरू झालं.